मागे पडलेल्या कंपन्याही शिकवा

महोदय,

माझी नात मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. शेअर कधी घ्यायचे, कधी विकायचे हे ठरवणारा प्रोग्रॅम तिच्या गटाने लिहिला. 2010 पासूनच्या भावांवर चालवून पाहिला, तर वर्षाला 42 टक्के नफा! घरात पेढे वाटायचेच बाकी होते.

मी दलाल स्ट्रीटवर एका पेढीत वीस वर्षे कारकून होतो. मार्च 1995 मध्ये मुंबई शेअर बाजारात ‘बोल्ट’ या सौदे-यंत्रणेचे संगणक आले, तोवर तिथले सगळे सौदे रिंगमध्ये, म्हणजे बाजाराच्या दालनात, ओरडून व्हायचे. नंतर वह्या ताडायच्या. जे सौदे जुळत नसत ते ‘वांधे’. ते निस्तरता निस्तरता केस पांढरे झाले, त्यामुळे 42 ऐकून आधी संशयच आला.

“कंपन्या कुठल्या घेतल्यास?”

“आजच्या निफ्टीतल्या, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निर्देशांकातल्या पन्नास.”

म्हणजे 2010 मध्ये निफ्टीत असलेल्या आणि नंतर भाव कोसळून बाहेर गेलेल्या सुझलॉन, युनिटेक, रिलायन्स कम्युनिकेशन्स यादीत नाहीतच. निकाल लागल्यावर फक्त पास झालेल्यांची नावे घेऊन वर्गाची सरासरी काढावी, तसे हे. शिवाय प्रोग्रॅमला बाजार बंद होतानाच्या भावात हवे तेवढे शेअर मिळतात. आम्ही रिंगमध्ये मोठी मागणी ओरडलो की समोरचा जॉबर, म्हणजे स्वतःसाठी घेणारा-विकणारा व्यापारी, भाव चढवूनच बोलायचा. यंत्रे आली म्हणून हे बदलले नाही. 5 ऑक्टोबर 2012 रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात एका दलालाकडून साडेसहाशे कोटींहून अधिकच्या 59 चुकीच्या ऑर्डर गेल्या. समोर तेवढे घेणारे कुठले? निफ्टी बघता बघता पंधरा टक्क्यांहून जास्त कोसळला आणि बाजार थांबवावा लागला.

नातीने 2010 ची यादी घेतली, घेताना भाव थोडा चढा, विकताना थोडा उतरता धरला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. 42 चे 9 झाले. त्यातून दलाली आणि एसटीटी (शेअरच्या सौद्यांवरचा कर) अजून वजा व्हायचे होते. मार्गदर्शक सर म्हणाले, “अहवालात पहिलाच आकडा ठेव, तो चांगला दिसतो.”

बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या 2024 च्या पाहणीत, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावांवरच्या वायदे सौद्यांत, उतरलेल्या दर 100 व्यक्तींपैकी 93 जण तोट्यात निघाले. यातल्या किती जणांना कुणी असाच 42 चा आकडा दाखवला असेल?

माझी मागणी मोठी नाही. महाविद्यालयांनी मशीन लर्निंग (आकड्यांवरून संगणकाला शिकवण्याचे तंत्र) शिकवण्याआधी चार तास वांध्यांना द्यावेत. शिकवायला माझ्यासारखे निवृत्त कारकून गिरगाव-डोंबिवलीत पुष्कळ सापडतील, एका चहावर येतील.

नातीने अहवालात दोन्ही आकडे छापले आहेत. तोंडी परीक्षा पुढच्या गुरुवारी आहे.

– एक निवृत्त कारकून, गिरगाव, मुंबई