अडवणूक इंग्रजीची नाही, तासांच्या तक्त्याची

संपादक महोदय,

परदेशात नोंदणी मिळवू पाहणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांवरचा (म्हणजे आजार किंवा अपंगत्वानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्यांवरचा) आपला कालचा लेख वाचला आणि राहवेना म्हणून लिहिते आहे. लेखकाने सगळा भर इंग्रजीच्या परीक्षेवर दिला आहे. ब्रिटनमध्ये आयईएलटीएसला एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही, ही अट आहेच. पण नीट अभ्यास केला की ती पार पडते. आमचं घोडं अडतं ते आपल्याच कॉलेजच्या ऑफिसात, आणि त्याबद्दल लेखात एक ओळ नाही!

नोंदणीच्या अर्जासाठी मला सही-शिक्क्यानिशी एक तक्ता हवा होता: क्लिनिकल, म्हणजे रुग्णांबरोबरच्या प्रत्यक्ष कामाचे तास किती, कुठल्या विभागात, कोणाच्या देखरेखीखाली. ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक संघटनेच्या निकषानुसार किमान १,००० तास लागतात, माझे त्याहून जास्त भरले होते. लॉगबुक आजही माझ्याकडे आहे. रोजच्या नोंदीखाली मॅडमची सही आहे. स्प्लिंटसाठी (हातापायाला आधार देणाऱ्या पट्टीसाठी) प्लास्टिक मऊ करताना गरम पाणी सांडलं, त्या पानावरची शाई तेवढी फुटली आहे. कॉलेजने मात्र पाठवलं काय, तर 'इंटर्नशिप समाधानकारकरीत्या पूर्ण' असं एका ओळीचं पत्र. विभागवार तास मागितले तर "असा फॉरमॅट आमच्याकडे नाही." मग "सर रजेवर आहेत." मग "घरच्या कोणाला तरी पाठवा." माझे वडील गुडघे धरत तीनदा जिने चढले. आठ महिन्यांनी तक्ता आला, त्यात मानसोपचाराचे तास अस्थिरोग विभागात टाकलेले! तो दुरुस्त होऊन येईपर्यंत आयईएलटीएसच्या निकालाची दोन वर्षांची मुदत संपली. फी भरून परीक्षा पुन्हा दिली.

तोवर मी ब्रिटनमध्ये थेरपी असिस्टंट म्हणून काम करत होते. अर्धांगवायू झालेल्या एका आजोबांना एका हाताने शर्टाची बटणं लावायला शिकवत होते. चौथं बटण लागलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तूच माझी थेरपिस्ट ना?" मला नाही म्हणावं लागलं. तिथे 'ऑक्युपेशनल थेरपिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे, नोंदणीशिवाय लावता येत नाही. रुग्णाच्या दृष्टीने ते योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या कॉलेजने मला हे काम शिकवलं, त्यांना ते कागदावर लिहून देता येऊ नये? पदवीबरोबरच हा तक्ता प्रत्येकीच्या हातात ठेवायला काय हरकत आहे?

आणखी एक. लेखाबरोबरच्या फोटोखाली आपण 'फिजिओथेरपिस्ट' छापलं आहे. हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, शिक्षण वेगळं, काम वेगळं. निदान ही दुरुस्ती तरी उद्याच्या अंकात छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आता नोंदणीकृत)