कोंबड्याच्या पायाला चिंध्या बांधणाऱ्या मावशींना

मावशी, नमस्कार.

तुमचा फोन बटणाचा, त्यामुळं तुम्ही काय हे वाचणार नाही, पण तुमची नात वाचून दाखवते म्हणाली म्हणून लिहायलेय. शनिवारपासून पोटात नुसतं घुमायलंय, कुठंतरी मोकळं केल्याशिवाय जमणार नाही.

आमच्या बालवाडीत प्राण्यांचा दिवस ठेवला होता. शेळी मिळाली, ससे मिळाले, वासरू आमच्या शिपाईमामांनी आणलं, आणि अडलं कशावर तर कोंबडीवर! लातूर जिल्ह्यात कोंबडी मिळंना म्हणलं तर लोक हसतील, चौकाचौकात चिकनची दुकानं आहेत. पण आमच्या लेकरांना तेवढीच कोंबडी माहीत, जाळीतली नाहीतर ताटातली. मोठ्या गटातल्या एकानं मला सिरियस होऊन विचारलं होतं, म्याडम कोंबडीला चार पाय असतात ना, आमच्या घरी तर चार लेगपीस येतात. त्या दिवशीच ठरवलं होतं की ह्यांना चालणारी कोंबडी दाखवायचीच.

आता ज्यांनी आणतो म्हणून आणलं नाही त्यांची नावं घेत नाही, पण बोलल्याशिवाय राहवणार पण नाही. शेतावर हुरडा पार्टी आणि पर्यटन चालवणारे एक साहेब, त्यांनी महिनाभर "होऊन जाईल मॅडम" केलं, ॲडव्हान्स घेतला, आणि शुक्रवारी दुपारपासून फोन बंद! दुसरे एक मोठे पोल्ट्रीवाले म्हणले, न्या की 10-12 ब्रॉयलर, लेकरांनी मारले तरी चालतंय, तसं पण सोमवारी गाडीत चढणार आहेत. हसत हसत म्हणले. मी नको म्हणलं आणि ऑटोत बसून रडले. वरून पालकांचा ग्रुप पेटलेला, बर्ड फ्लू आला तर जबाबदार कोण म्हणून. त्यांना तरी काय बोलावं, 2021 ला परभणीजवळ मुरुंब्यात कोंबड्या मेल्या होत्या आणि 2025 च्या जानेवारीत तर आपल्या उदगीरलाच कावळे पडले होते, भीती वाटणारच.

तसल्या संध्याकाळी मी तुमच्या दारात आले, ती पण अंडी घ्यायच्या निमित्तानं. तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लेकरं केवढाली हायेत?" पैसे किती, गाडी कोण देणार, काहीच नाही. लेकरं केवढी!

मी लगेच हावरटासारखं म्हणलं की ती अंड्यावर बसलेली खुडूक कोंबडी पण आणा, लेकरांना बघायला मिळंल. तर तुम्ही माझ्याकडं असं बघितलं की मला आठवीतल्या बाई आठवल्या. "बाळंतिणीला कुणी जत्रंला नेतंय का वं?" मेले लाजेनं.

शनिवारी सकाळी मी गेटवर येऊन बघते तर तुम्ही आधीच पायरीवर बसलेल्या, दोन डालगी, एक ज्वारीची पिशवी आणि मांडीवर कोंबडा. पाटील म्हणे त्याचं नाव, तुरा फेट्यासारखा म्हणून. तांबडी आणि काबरी एका डालग्यात, पिल्लं दुसऱ्यात. डॉक्टरांना दाखवलं होतं, कोंबड्यांच्या मानमोडी रोगाचे डोस झाले होते, ते सगळं जाऊ द्या. मला सांगायचंय ते पाटलाच्या पायाचं.

मला आधी दिसलंच नाही. आमच्यातल्या एका पोरीला दिसलं, ती एरवी दिवसभरात चार शब्द बोलत नाही. ती म्हणली, "कोंबड्याला बाऊ झालाय." मी खाली वाकून बघितलं तर खरंच, दोन्ही पायांना मागच्या बाजूला, तो टोकदार काटा असतो ना तिथं, जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या, हिरव्या, काठाची जर अजून थोडी चमकत होती, आणि वर दोऱ्यानं इतकी नीट गाठ मारलेली की पाटलाला चालताना टोचू पण नये. तुम्ही त्या पोरीला म्हणलात, "त्याला काय झालं नाही माय. तुला व्हऊ नाही म्हणून बांधलंय."

मावशी, मी दोन दिवस बसून कागदावर काय काय लिहिलं होतं. 5 वर्षांखालच्या लेकरांच्या हातात पिल्लं द्यायची नाहीत, कोंबडी धडधाकट दिसली तरी तिच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, हात साबणानं 20 सेकंद धुवायचे, जवळपास डबा उघडायचा नाही. सगळं बरोबरच होतं. पण कोंबड्याच्या पायातला काटा माझ्या यादीत नव्हता. तो फक्त तुम्हाला दिसला, आणि तुम्ही कुणी न सांगता पहाटे उठून कंदिलासारखा तो बारका बल्ब लावून (नातीनं सांगितलं मला) एका कोंबड्याला मांडीवर धरून चिंध्या बांधत बसलात, कुणाच्या तरी लेकरांसाठी, ज्यांची नावं पण तुम्हाला माहीत नव्हती. आम्ही शिकलेली माणसं काळजी घेतो ती बरीचशी उद्या आपल्यावर येऊ नये म्हणून घेतो, मी स्वतः तशीच घेते, फॉर्मवर पालकांच्या सह्या घेतल्या तेव्हा माझ्या मनात लेकरं नव्हती, हेडमास्तर होते. आणि ॲडव्हान्स घेऊन फोन बंद करणारे पण शिकलेलेच. असो.

पिल्लांच्या बाबतीत तर मी तुम्हाला साल्मोनेला कसं समजवावं ह्या टेन्शनमध्ये होते, पण तुम्हीच डालगं पालथं घातलं आणि म्हणलात, फटीतून बघा रे, लेकरू पिल्लू आवळतंय अन् पिल्लू मरतंय. विषय संपला. मग 26 लेकरं पोटावर झोपून डालग्याच्या फटीतून बघायलेत आणि आतून चिवचिव, तो फोटो मी काढला पण हलला. छोट्या गटानं लांबूनच ज्वारी टाकली. मोठ्या गटाला तुम्ही एकेकाला बोलवून तांबडीच्या डोळ्यावर पदर धरला, ती गप झाली, मग पाठीवर दोन बोटं फिरवू दिली. "गरम हाय!" असं सगळे ओरडले. असणारच, कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम, 41 डिग्रीच्या आसपास, पण आपल्याला ताप मोजायची सवय, कोंबडी कोण मोजतंय. नंतर हात धुवायला नळावर तुम्ही पहिला नंबर लावला, बोटांच्या बेचक्यात साबण घालून दाखवलात, त्यामुळं एकानं पण कटकट केली नाही.

सोमवारी पाच-सहा पोरं पायाला रुमाल बांधून आली. एकीची आई घाबरून फोन करायली, पायाला काय लागलं, सांगंना. मी सांगितलं काही लागलं नाही, पाटील झालीय ती.

ऑटोचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, डालग्यात ठेवलेले परत पिशवीत सापडले, मला कळलं ते. पाटलाची एक चिंधी झोपाळ्याखाली पडली होती, धुवून ठेवलीय. त्या बाळंतिणीचे 21 दिवस बुधवारी भरतात ना? शाळा सुटली की येते मी, चिंधी पण आणते. लेकरांना नाही आणत, घाबरू नका.

तुमची,
बालवाडीची म्याडम