लोकलचे दार लावायचे कोणी?

संपादक महोदय,

मुंब्र्याजवळ ९ जून २०२५ रोजी लोकलमधून प्रवासी पडले आणि त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे रेल्वेने ठरवले. तेव्हापासून जो तो विचारतो, दारे लावल्यावर आत जीव गुदमरणार नाही ना? रास्तच आहे. पण दाराचे बटण कोण दाबणार, हे कोणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये याच प्रश्नावरून दीड वर्षाहून जास्त काळ संपांमागून संप झाले.

लंडनहून ब्रायटनकडे गाड्या चालवणाऱ्या सदर्न कंपनीने २०१६ मध्ये दारे लावण्याचे काम गार्डकडून काढून चालकाला द्यायचे ठरवले. चालकाने केबिनमधल्या पडद्यांवर फलाट बघायचा, दारे लावायची आणि गाडी काढायची. गार्डला 'ऑन-बोर्ड सुपरवायझर' केले, म्हणजे तो नसला तरी गाडी सुटू शकते. खरी मेख इथेच होती. २६ एप्रिलला गार्डांच्या आरएमटी युनियनने पहिला संप केला. डिसेंबरात चालकांची अस्लेफ युनियनही संपात उतरली आणि सदर्नची वाहतूक ठप्प झाली. चालकांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये तडजोड स्वीकारली : पाच वर्षांत २८.५ टक्के पगारवाढ आणि अपवाद सोडता गाडीत दुसरा कर्मचारी. गार्डांचे भांडण त्यानंतरही चालूच राहिले. अटी पाळल्या तर ही पद्धत सुरक्षित आहे, असे तिथल्या रेल्वे नियामकाचे म्हणणे होते, हेही सांगायला हवे. आणि युनियनला नोकऱ्या वाचवायच्या होत्या, यात लपवण्यासारखे काय आहे?

आपल्याकडे एसी लोकलची दारे गार्डच्या हाती आहेत. (जानेवारी २०२२ पासून तो 'ट्रेन मॅनेजर' झाला, पण आम्हा प्रवाशांसाठी गार्डच.) तो मागच्या केबिनमधून डोके बाहेर काढून फलाट बघतो, दारे लावतो, दोन घंटा देतो, मग मोटरमन गाडी काढतो. संध्याकाळी दादरला दारात कोणाची तरी सॅक अडकते, आतले 'अरे ओढ, ओढ' म्हणून ओरडतात, दार पुन्हा उघडावे लागते. हे सारे उद्या मोटरमनने सिग्नलवर नजर ठेवून निस्तरायचे का? मेट्रोत चालते की, असे कोणी म्हणेल. मेट्रो ३ च्या फलाटांवर काचेची दारे आहेत, लोकलच्या फलाटांवर आहेत का?

म्हणून नवी दारे मोठ्या संख्येने बसवण्याआधी कामाची वाटणी कागदावर यावी. दार कोणी लावायचे, अडकले तर कोणी उघडायचे, गाडी उशिरा सुटली किंवा कोणाला इजा झाली तर चार्जशीट कोणाच्या हातात पडणार? मोटरमन आणि गार्ड या दोघांच्याही संघटनांना त्या बैठकीला बोलवावे आणि जे ठरेल ते प्रवाशांनाही कळू द्यावे.

– एक रोजचा प्रवासी, डोंबिवली