मातीचा निकाल

कोल्हापूर

चि. अनु, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू त्या म्हातारीचं सांगितलंस. तिच्या खाचरातली माती पिशवीत भरताना तिनं विचारलं, ‘हा भात खावा का नको?’ आणि तू म्हणालीस, ‘रिपोर्ट आला की सांगते.’ रात्रभर तेवढंच डोक्यात घोळत होतं.

तुमच्या झारखंडातली ती जादुगुड्याची युरेनियमची खाण १९६७ ची. टनभर दगडातून अर्धा किलोसुद्धा युरेनियम निघत नाही, म्हणालीस. मग बाकीचा चोथाच की! आपल्या गुऱ्हाळात चिपाड चुलवाणात तरी जातं. तो पिठासारखा दळलेला गाळ तळ्यात साठवायचा, आणि त्यातलं किरणं सोडणारं रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं. शिवाय तो सगळा भाग तांब्याच्या खाणींचा पट्टा, म्हणजे तांबं, निकेल मातीत आलंच. लोक किरणांना भितात, पण पोटात गेलेलं युरेनियम शिशासारखं जड धातू म्हणूनही छळतं, आधी मूत्रपिंड धरतं, हे मला तुझ्याकडूनच कळलं.

चुन्याचं मात्र नवल वाटलं. आंबट जमिनीत धातू सुटे होऊन मुळाला लागतात, चुना टाकला की बरेचसे जागीच बसतात, इथवर ठीक. पण कार्बोनेट वाढलं की युरेनियम उलट पाण्याबरोबर चालायला लागतं! म्हणजे आमच्यासारख्यानं ऐकीव सल्ला द्यायची सोय नाही.

तू सातवीत असताना आपल्या वरच्या पट्टीतली माती एक साहेब घेऊन गेले. आईनं चहा केला. मी व्ही आकाराचा खड्डा काढून दिला, पिशवीवर गट नंबर माझ्या हातानं लिहिला. निकाल आजतागायत आला नाही. मी आपला अंदाजानं सुपर फॉस्फेट ओतत राहिलो. त्यातही कॅडमियम, युरेनियमचा अंश असतो, हे आता तू सांगतेस. बरं झालं, लवकर सांगितलंस!

तुझा प्रबंध व्हायचा तेव्हा होईल. ज्यांची माती नेलीस त्यांच्या दारात आधी जा. इंग्रजी तक्ता नको. संथाळी बोलणारं कुणीतरी सोबत घे आणि कुठल्या वावरात काय निघालं, ते तोंडानं सांग. वाईट निघालं तरी सांग.

गुळाच्या एक-एक किलोच्या पाच ढेपा पाठवतोय. चार तुमच्या खोलीवर, एक त्या म्हातारीची. कुणाच्या हाती धाडू नकोस, कागद घेऊन जाशील तेव्हाच ने.

तुझा,
आबा