यूपीएसवाल्या दादांना जाहीर थँक्यू, आणि आधीच्यांना जाता जाता दोन शब्द

दादा, नमस्कार. नाव टाकू नका म्हणाला होतात, उद्या सगळं नाशिक रात्री दोन वाजता मलाच फोन करेल म्हणून, तर नाव टाकत नाही. पण लिहिणार मात्र आहेच, कारण परवा रात्री परत लाईट गेली आणि आमच्या घरात पहिल्यांदाच कोणाची धावपळ झाली नाही. मी सेकंड शिफ्टला अंबडला होते, मोबाईल वाजला, बघते तर तुमच्या त्या डबड्याचा मेसेज, आईला फोन लावला तर तीच मला म्हणते, "अगं वाजली की बेल, उठले मी, बघून आले, नानांचं मशीन चालू आहे, तू तुझं काम कर." कंपनीच्या कॅन्टीनमागे उभी राहून रडले मी, खोटं कशाला सांगू.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. नाना म्हणजे माझे वडील, त्यांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, रात्रभर लागतोच. बऱ्याच जणांना वाटतं त्यात ऑक्सिजन भरलेला असतो, तसं नसतं, ते मशीन खोलीतली हवा ओढतं, त्यातला नायट्रोजन बाजूला काढतं आणि उरलेला ऑक्सिजन नळीतून देतं, म्हणजे साठा वगैरे काही नाही, लाईट गेली की पुरवठा बंद. पाच लिटरचं मशीन तीन-साडेतीनशे वॉट खातं, म्हणून लाईट गेली की बॅटरीवर चालवणारा यूपीएस घेतला. मशीन रात्रभर घरघर करतं म्हणून ते हॉलमध्ये, यूपीएस बाल्कनीत, आणि नळी लांबवून बेडरूममध्ये नेलेली. आम्ही राहतो इंदिरानगरला, आणि हल्ली सिंहस्थाच्या नावाने गावभर खोदकाम चालू आहे, पावसाळ्यात तर लाईटचा काही भरवसाच नसतो.

तर त्या पावसाळ्यातल्या एका रात्री लाईट गेली, यूपीएस बॅटरीवर गेला, आपलं इमानदारीत पिकपिक करत राहिला, आणि दुकानदाराने चार तास चालेल सांगितलेल्या बॅटरीने त्याच्या खूप आधीच राम म्हटला. मग मशीन बंद. नाना घुसमटून जागे झाले आणि त्यांनी आईला हलवून उठवलं. वरच्या काका-काकूंनी येऊन ऑक्सिजनचा सिलिंडर जोडून दिला म्हणून निभावलं. आणि काकू नंतर काय म्हणाल्या माहितीये, "अगं तो आवाज आम्हाला वर कधीपासून येत होता, आम्हाला वाटलं कुणाच्या गाडीचा आहे." वरच्या मजल्यावर ऐकू जातो आणि पलीकडच्या खोलीत झोपलेल्या माझ्या आईला नाही.

आता आधीच्यांबद्दल. ज्याच्याकडून घेतला त्याला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, बीप तर कंपनीकडून असतो तेवढाच असतो, मावशींना कानाचं मशीन घ्या." अरे बाबा, आहे तिला कानाचं मशीन, पण रात्री कानात मशीन घालून कोण झोपतं? मग म्हणाला आपण मोबाईलवर नोटिफिकेशन टाकून देऊ, त्याचं कार्ड वेगळं येतं. कार्डाचे वेगळे पैसे, सेटिंगचे वेगळे पैसे. एक पोरगा आला, लॅपटॉप उघडला, माझा ईमेल टाकला, सगळ्या खुणांवर टिक मारली, "झालं मॅडम, सेव्ह झालं" म्हणाला आणि गेला पण. त्यानंतर लाईट कितीदा गेली देव जाणे, मेल एकही आला नाही. परत फोन केला तर "तुमचं नेट स्लो असेल." कस्टमर केअरला फोन केला तर त्या बाईंनी मला अॅप डाउनलोड करायला सांगितलं, आणि ते अॅप आमच्या मॉडेलला चालतच नाही हेही त्यांनीच तिसऱ्या वाक्याला सांगितलं. धन्य.

मग तुम्ही आलात, आणि तेही आमच्याकडे नाही, शेजारच्या विंगमध्ये बॅटरी बदलायला आला होतात, कंपनीतल्या सहकाऱ्याने नंबर दिला म्हणून मी जिना उतरून गाठलं तुम्हाला. तुम्ही काहीही उघडायच्या आधी मेन स्विच पाडला आणि नुसतं उभं राहून बघत राहिलात. आणि मग मला विचारलंत, "ताई, तुमचं वायफाय कशावर आहे?" वायफाय साध्या प्लगवर! लाईट गेली की राऊटर मरतो, मग यूपीएसने मेल पाठवायचा तरी कुठून? इतक्या लोकांनी पैसे घेतले, एकाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. आणि राऊटर यूपीएसवर घेतल्यावरही मेल जाईना तेव्हा तुम्ही म्हणालात की जीमेल 2022 पासून असला साधा पासवर्ड घेतच नाही, मशीनसाठी वेगळा पासवर्ड काढावा लागतो, आणि त्या पोराने टेस्टचं बटण एकदाही दाबलेलं नाही. एकदाही. सेव्ह झालं म्हणजे झालं.

मला ते सेटिंग आजही पूर्ण कळलेलं नाही, त्यामुळे त्यात शिरत नाही. पण तुम्ही जे विचारत होतात ते कळत होतं. कुठल्या गोष्टीला कोणाची झोप मोडायची, हे तुम्ही आमच्याकडून ठरवून घेतलंत. लाईट एखादा मिनिट गेली तर कोणालाच त्रास नको. त्यापुढे गेली की आईची बेल आणि मला मेसेज. बॅटरी संपत आली की बेल सलग, आणि वरच्या काकांनाही फोन. व्होल्टेज वर-खाली झालं वगैरेच्या टिक तुम्ही सरळ काढून टाकल्यात, म्हणालात, "हे सगळं ठेवलं ना ताई, तर आठवड्याभरात तुम्हीच मोबाईल सायलेंटवर टाकाल." आणि रात्री मेल कोण बघतं म्हणून ते सिमकार्डवालं छोटं डबडं बसवलंत, मेल फक्त बॅटरी बदला वगैरे सावकाशीच्या निरोपांना ठेवला.

पण दादा, हे सगळं एका बाजूला. मला जे राहून राहून आठवतं ते वेगळंच आहे.

तुम्ही पिशवीतून तीन बेल काढल्यात. एक ती काळी बारीक पिपाणी, एक डिंगडाँग, आणि एक जुनी लोखंडी वाटीची, गंज चढलेली, तुमच्याच कुठल्यातरी जुन्या कामातून उरलेली. आणि मला वाटलं आता मला विचारणार कुठली लावू, कारण आजपर्यंत सगळे मलाच विचारायचे. तुम्ही आईपुढे स्टूल ओढून बसलात आणि तोंड तिच्यासमोर ठेवून, सावकाश, म्हणालात, "मावशी, रात्री तुम्ही कशा झोपता तशाच झोपून दाखवता का?" ती आधी लाजली. मग कानाचं मशीन काढून डबीत ठेवलं, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तुम्ही पंखा पाचवर केलात, दार रात्री असतं तेवढंच लोटलंत, आणि तिला सांगून ठेवलं होतंत की आवाज आला की हात वर करायचा.

पहिली पिपाणी वाजवलीत. माझ्या कानात कळ गेली हो, इतकी मोठी. आईचा हात हललासुद्धा नाही. तिची पाठ शांत. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की त्या रात्री नक्की काय झालं होतं. डिंगडाँगला तिने अर्धवट मान वळवली, "झालं का सुरू?" आणि मग तुम्ही ती गंजकी वाजवलीत, घर्रर्र, आणि ती ताडकन उठून बसली, "आली आली, ही आली! ही तर आमच्या शाळेची!" आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती, तिकडे दिंडोरी तालुक्यात. नाना पलंगावरून नळीसकट हसत होते.

नंतर तुम्ही समजावून सांगितलंत की वय झालं की आधी बारीक, चिरके आवाज जातात आणि या यूपीएसचे, कॉन्सन्ट्रेटरचेसुद्धा बीप नेमके तसलेच असतात, दोन-तीन हजार हर्ट्झच्या पुढचे, खालच्या पट्टीतला खरखरीत आवाज त्यापेक्षा बराच काळ टिकतो. म्हणजे जी यंत्रं म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी जातात त्यांना आवाज असा दिलाय जो म्हाताऱ्यांनाच येत नाही! हे बनवणाऱ्यांच्या घरी कोणी आई-वडील नाहीत का? असो.

बेल कुठे ठोकायची तेही तुम्ही तिलाच विचारलंत. ती म्हणाली पायथ्याशी ठोक, डोक्यावर वाजली तर नानांच्या आधी मीच जायची. तिथेच ठोकलीत. भिंतीवर आतापर्यंत आमच्या घरात आईला विचारून काही लावलं गेलं असेल असं मला तरी आठवत नाही, आणि हे मी स्वतःच्या घराबद्दल म्हणतेय.

अशी माणसं असतात बरं का. आमच्या मेडिकलवाला पोरगा गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-संध्याकाळ मराठीत मोठ्या अक्षरात लिहून देतो, कोणी सांगितलेलं नाही त्याला. सिलिंडर देणारा मुलगा घाई असली तरी जिना चढून येतो, चावी फिरवून मीटरचा गोळा वर गेलेला आईला दाखवतो आणि मगच जातो. यांना कोणी बक्षीस देत नाही, यांचा फोटो कुठल्या बॅनरवर लागत नाही, आणि आपल्या गावात तर वाढदिवसाचे बॅनर किती लागतात ते तुम्ही द्वारकाच्या सर्कलला बघताच. आणि इकडे ज्यांचं एसी शोरूम आहे, टाय लावून बसतात, ते म्हणतात मावशींना कानाचं मशीन घ्या.

पैसे तुम्ही डबड्याचे आणि मजुरीचे घेतलेत, बेलचे घेतलेच नाहीत, भंगारातली आहे म्हणालात. यूपीएस बाल्कनीतल्या पश्चिमेच्या उन्हातून उचलून आत पॅसेजमध्ये ठेवलात, त्याची तर मजुरीपण धरली नाहीत. या बॅटऱ्यांचं आयुष्य पंचवीस डिग्रीला धरलेलं असतं आणि दहा डिग्री वाढले की निम्मं होतं हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं, आणि नाशिकचा मे महिना तर आता चाळीसला टेकतो, मग त्या चार तासांचं काय झालं तेही कळलं.

तुम्ही म्हणाला होतात तसं महिन्याच्या पहिल्या रविवारी आई स्वतः मेन स्विच पाडते, बेल वाजली की कॅलेंडरवर टिक करते, मला मेसेज आला का ते फोन करून विचारते. मी झोपलेली असले तरी विचारते. मास्तरीण आहे, हजेरी घेणारच.

उन्हाळ्याच्या आधी एकदा बॅटऱ्या पूर्ण लोडवर चालवून बघायच्या आहेत, फेब्रुवारीत कधी जमेल ते कळवा. जेवायलाच या, नुसत्या चहावर आई या वेळी सोडणार नाही. आणि वरच्या काकूंनापण तसलीच बेल हवी आहे म्हणे, त्यांच्या दाराला. भंगारात अजून एखादी असेल तर घेऊन या, पण त्यांच्याकडून पैसे घ्या.