अनोळखी माशाचा फोटो पोटाकडूनही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यात सापडलेल्या ‘विचित्र’ माशाची बातमी वाचली. मासा किती किलोचा, बघायला गर्दी किती जमली, हे सगळे बातमीत होते. मासा कोणता, एवढेच नव्हते. आणि शेवटच्या ओळीत लिहिले होते की ग्रामस्थांनी त्याला जीवदान देऊन पुन्हा पाण्यात सोडले. त्या ओळीमुळे हे पत्र लिहितो आहे.

मी एसटीत कंडक्टर होतो. निवृत्तीनंतर इंदापूर तालुक्याच्या बाजूने फुगवट्यावर गळ टाकून बसणे हा माझा उद्योग. चिलापी (म्हणजे तिलापिया), मरळ, वाम, शिंगाडा, नशीब असेल तर रोहू किंवा कटला, ही नेहमीची मंडळी. यंदा उन्हाळ्यात पाणी खाली गेले असताना तळाला सोडलेल्या गांडुळाला एक भलताच प्राणी लागला. ओढ जवळजवळ नाहीच, नुसते जड. वर आला तर काळपट तपकिरी, अंगाला खवल्यांऐवजी हाडाच्या तकटांच्या रांगा, हात फिरवला की किसणीसारखे लागणारे. तोंड समोर नाही, खाली पोटाच्या बाजूला, गोल आणि चिकटणारे. पाठीवरचा पर शिडासारखा उभा.

शेजारचे भोई लगेच म्हणाले, हा जाळे फाडतो, फेकून द्या. त्यांना तो आधीपासून माहीत होता. सांगायचे कारण, मासा ओळखायचा तर आधी पाण्यावरच्या माणसांना विचारावे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा त्याने इकडची बोलीतली नावेच उचलली. खुद्री, कोलस, पोटैल, नुक्ता ही नावे आजही त्या माशांच्या शास्त्रीय नावांत तशीच आहेत. पण माझ्या गळाचा पाहुणा साइक्सच्या यादीत असणे शक्य नव्हते. तो दक्षिण अमेरिकेतला आहे.

घरी आणून तो बर्फाच्या कप्प्यात ठेवला. त्यावरून सौभाग्यवतींनी जे ऐकवले ते छापण्यासारखे नाही. फोटो काढून ओळखीच्या एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना पाठवले. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती वजन नव्हे, तर पाठीवरच्या परातल्या काड्या किती. पुढचा जाड काटा सोडून मागच्या मऊ काड्या मोजायच्या. दहा किंवा जास्त असतील तर तो टेरिगोप्लिक्थिस, म्हणजे माशांच्या दुकानात टाकी साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा सकर मासा. त्याचाच एक भाऊबंद, हायपोस्टोमस, याला सातच असतात. तिकिटे मोजण्यात हयात गेलेल्या माणसाला हे काम आवडले. माझ्या माशाच्या बारा भरल्या.

दुसरी खूण पोटावर. तिथे पांढरट अंगावर गडद ठिपके असतात. ते सुटे सुटे असले तर एक जात, एकमेकांत मिसळून नागमोडी रेघा झाल्या असल्या तर दुसरी. मात्र या दोन जातींचा संकर होतो, त्यामुळे पोटावरून जात ठामपणे सांगू नये, असे प्राध्यापकांनी बजावले. कुळ ठरले तरी आपल्या कामापुरते पुष्कळ झाले.

आता आपल्या बातमीतला फोटो पाहा. मासा शेपटीला धरून लटकवलेला, पर अंगाला मिटलेला, पोट कॅमेऱ्याच्या उलट बाजूला. ओळख पटवणाऱ्या दोन्ही जागा दिसत नाहीत. म्हणून गावात कोणी त्याला मांगूर म्हणाले, कोणी मगरीचे पिल्लू. वास्तविक मांगूर अंगाने गुळगुळीत, त्याला मिशा आठ, तोंड समोर आणि पाठीवरचा पर लांबच लांब शेपटीपर्यंत गेलेला. सकरला मिशा दोनच आणि पर आखूड पण उंच. दोघांत गोंधळ व्हायचे कारण नाही. आफ्रिकन मांगूर पाळायला केंद्राने 2000 सालीच बंदी घातली, आणि तो नष्ट केल्याच्या बातम्या आपणच छापता. त्या बातम्या वाचून लोक सगळ्याच मिशीवाल्या माशांना मांगूर म्हणू लागलेत, त्यात बिचारा शिंगाडाही आला.

सकर उजनीत कसा पोचला, याचे कोडे मला तरी पडत नाही. दुकानातून बोटाएवढा आणलेला मासा काचेच्या टाकीत वाढत वाढत दीड फुटांपर्यंत जाऊ शकतो. मग टाकी पुरत नाही, मारायला हात धजत नाही, आणि एखाद्या संध्याकाळी त्याला पुलावरून सोडतात. पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि भीमा आमच्याकडे येते. घाण पाण्याने तो मरत नाही. पाण्यात हवा कमी असली तर वर येऊन हवा गिळतो आणि जठरातून श्वास घेतो. काठावर टाकला तरी कितीतरी तास जिवंत राहतो. 2020 मध्ये वाराणसीला गंगेतही असा मासा सापडला होता.

मेक्सिकोत बाल्सास नदीवर इन्फिएर्नियो नावाचे मोठे धरण आहे. तिथली मासेमारी उजनीसारखीच चिलापीवर चालायची. हे मासे तिथे वाढले आणि जाळ्यात चिलापीपेक्षा तेच जास्त येऊ लागले. काटेरी पर जाळ्यात असे अडकतात की सोडवण्यापेक्षा जाळे कापावे लागते. शिवाय अंडी घालण्यासाठी ते काठाच्या मातीत बिळे खणतात, त्याने काठ ढासळतात. भिगवणच्या लिलावात रोज चिलापीच्या पाट्या उतरतात त्यांच्यावर किती घरे चालतात, हे आपल्या वार्ताहरांना मी काय सांगावे.

तेव्हा विनंती अशी. अनोळखी माशाची बातमी आली तर वार्ताहराने तीन फोटो मागवावेत: कुशीवरून पर उघडून, पोटाकडून, आणि तोंडाचा जवळून. बाजूला मोजपट्टी नसेल तर पेन ठेवला तरी चालेल. जागा नेमकी लिहावी, ‘उजनी धरण’ एवढ्याने काही कळत नाही. बातमी छापण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या माणसाला फोटो दाखवावा, आणि नाव कळले की तेही छापावे. ‘जीवदान’ हा शब्द मात्र अशा माशासाठी वापरू नये. आपल्या नदीतला मासा असेल तर जरूर सोडा, मीही सोडतो. सकर ओळखू आला तर तो परत पाण्यात जाता कामा नये.

माझ्याकडचे फोटो पट्टीसकट काढलेले आहेत. छापणार असाल तर पाठवतो, नाव नाही दिले तरी चालेल.

कळावे,
आपला एक जुना वाचक, इंदापूर (जि. पुणे)