गाण्यात ती कुणाकडे बघते?

नाशिक

प्रिय मिलिंद,

अहिराणी गाण्याची शॉटलिस्ट मिळाली. चाल फार गोड आहे. शॉट्सबद्दल मात्र फोनवर बोलून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

तू म्हणतोस, कपडे घरंदाज आहेत, काळजी नको. अरे, प्रश्न कपड्यांचा नाहीच. अंगभर नऊवारी नेसलेल्या बाईचीही कॅमेरा वस्तू करून टाकतो. नायिकेचे पहिले चार शॉट बघ: पैंजण, कंबर, पाठीवरची गाठ, ओठ. चेहरा पाचव्याला. तोवर बघणाऱ्याने तिला तुकड्यातुकड्यांत पाहून घेतलेलं असतं. नायकाची एंट्री मात्र थेट चेहऱ्यावर. आधी तिचे डोळे दाखव, ती काय काम करतेय ते दाखव. पैंजण नंतर आलं तर हरकत नाही, तेव्हा तो पाय कुणाचा हे आपल्याला माहीत असतं.

पुढचा घोळ एडिटमध्ये होतो. तो बघतो, तिची कंबर, तो हसतो. हे तीन शॉट जोडले की प्रेक्षक आपोआप त्याच्या जागी जाऊन बसतो. सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्वी यांनी सिनेमातल्या या पुरुषी नजरेवर १९७५ मध्येच लिहिलं, आणि आपली गाणी अजून त्याच तीन शॉट्सवर चालतात. ती बघतेय असे शॉट त्याच्याइतकेच लांब घे, आणि तिला काय दिसलं तेही घे. सेटवर हे घेतलं नाही तर एडिटरकडे जागा भरायला कंबरच उरते.

स्लो मोशनचं नीट ऐक. सेकंदाला ५० फ्रेम्सवर शूट करून २५ वर चालवलं की वेग निम्मा होतो. ओठ जुळायला हवेत तर सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवावं लागतं. नायिकेच्या शॉटला ही तसदी सहसा कुणी घेत नाही, कारण तिला गायला ओळच नसते. दुसरं कडवं तिच्या तोंडी दे आणि दुप्पट वेगाचा ट्रॅक आदल्या दिवशीच तयार ठेव.

जमिनीलगत २४ एमएमची वाइड लेन्स लावू नकोस. पाय लेन्सच्या जवळ म्हणून मोठे दिसतात, डोकं लांब म्हणून लहान. नाचाला कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, ५० एमएम, गुडघ्यांपासून वर. बैठकीच्या लावणीत, म्हणजे बसून अदा करायच्या लावणीत, एकाच ओळीवर भुवई, मान, बोटं वेगवेगळा अर्थ सांगतात, आणि कलावंतीण समोरच्याच्या डोळ्याला डोळा देते. कंबरेवर झूम केलास की ती सगळी अदा फ्रेमबाहेर जाते. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

रील्सही तपास. आडव्या फ्रेममधून उभी कापली की रुंदीचा जेमतेम एक तृतीयांश उरतो. बसलेल्या किंवा आडव्या पडलेल्या नायिकेचा चेहरा जातो, मधलं अंग राहतं. कापणी सॉफ्टवेअरवर सोडू नकोस. थंबनेलची फ्रेम तिच्या संमतीनेच निवडायची, हे चॅनेलच्या करारात लिहून घे.

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला संध्याकाळचा शॉट आहे. पाठीमागून ऊन आलं की सुती परकर आरपार दिसतो. कपडे त्याच उजेडात, कॅमेऱ्यावर आधी बघा आणि अस्तर लावून घ्या. मुलींना कपडे बदलायला कडीची खोली हवी, गाडीचा पडदा चालणार नाही. आपला शॉट मॉनिटरवर बघण्याचा आणि नको म्हणण्याचा हक्क मागच्या रांगेतल्या मुलीलाही दे.

रामकुंडाचा शॉट काढून टाक. तिथे गोदावरीत स्नान करणाऱ्या ओलेत्या बायका मागे दिसणारच, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसणार.

शेवटच्या कडव्यात ती तीनदा तोंड फिरवते, तो मागे लागतो, मग ती हसते. तिने स्पष्ट नकार दिल्यावर पुन्हा पुन्हा पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. हे गाणं सटाण्या-कळवणच्या लग्नांत वाजेल, पोरं ते पाहूनच शिकतील. तिची आवड पहिल्याच कडव्यात दिसू दे.

टीव्हीवर गेलं तर १९९४ च्या केबल नियमांमध्ये बाईची हीन प्रतिमा दाखवायला मनाई आहे. फक्त यूट्यूबवर टाकलंस तर आधी कुठलंच प्रमाणपत्र लागत नाही, म्हणजे अडवणारा तूच.

पहिला कट झाला की आवाज बंद करून बघ. साडेतीन मिनिटांचं गाणं दोन-दोन सेकंदांच्या कट्सवर गेलं तर शंभरेक शॉट होतात. तिच्या प्रत्येक शॉटपुढे लिही: चेहरा आहे का, नुसता अवयव आहे का, ती काही करतेय का. हाच तक्ता त्याच्यासाठीही कर. दोन्ही मला पाठव, मग एडिटला एकत्र बसू.

तुझी,
अनघा